ओळ उचलणारं कुणी हवं

१९६५ साल. ऑगस्टचा दुसरा मंगळवार. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि मेम्फिसमधल्या एका विमा कचेरीत टाइपरायटरवर बसायचे. त्या दिवशी दाढ दुखते असं सांगून रजा घेतली. दाढ मुळीच दुखत नव्हती. माझ्या मावशीच्या मुलीचं, व्हर्डेलचं, गाणं रेकॉर्ड व्हायचं होतं आणि तिच्यामागे झील धरायला मी जाणार होते.

स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं बर्फघर. घरोघर फ्रिज आले तसं ते बंद पडलं आणि मिस्टर प्रुइट नावाच्या गोऱ्या गृहस्थांनी ते स्वस्तात घेतलं. भिंतींना आतून वीतभर जाड बुचाचे तक्ते होते. आवाज त्यांत शिरला की परत यायचा नाही. टाळी वाजवली तर आपणच वाजवली की नाही अशी शंका यायची. मिस्टर प्रुइटना ते फार आवडायचं. आम्हाला मात्र दुसरीच गोष्ट लक्षात राहायची. टेप सुरू झाली की पंखे बंद करावे लागत, कोलाच्या बाटल्यांचं थंडगार यंत्रसुद्धा बंद करावं लागे, कारण माइक सगळं पकडायचा. त्यामुळे अख्ख्या मेम्फिसमध्ये सगळ्यात जास्त उकडायचं ते बर्फघरात. भिंतीत गेलेली थंडी कुठे गेली कोण जाणे.

हल्ली गाणारी एका गावात आणि वाजवणारे दुसऱ्या गावात असतात, आणि तरी गाणं होतं. माझ्या नातीने मला ते मोबाइलवर करून दाखवलं. आमच्या वेळी सगळे एका खोलीत, एका वेळी. टेप एकच. तिच्यावर सगळ्यांचा आवाज एकदमच उतरायचा. नंतर कुणाचा एकट्याचा सूर काढून दुरुस्त करायची सोय नव्हती. एक जण चुकला की त्याने हात वर करायचा, भिंतीवरचा तांबडा दिवा विझायचा, आणि सगळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात करायची. तुतारीवाल्याचे ओठ सुजले असले तरी पहिल्यापासून. कुणाचा आवाज किती मोठा यायचा हे पायांवर ठरायचं. मिस्टर प्रुइट काचेमागच्या खोलीतून बाहेर येत, खडूने जमिनीवर खुणा करत आणि सांगत, "तू इथे. तू दोन पावलं मागे. तू भिंतीकडे तोंड कर." खुणेवरून हललात की गाणं हललं.

व्हर्डेल तेव्हा सव्वीस वर्षांची. एका मोठ्या लाँड्रीत दुपारपासून रात्रीपर्यंत चादरींना इस्त्री करायची. तिचा जन्म गावाकडचा, फेएट काउंटीतला. लग्न होऊन ती शहरात आली. नवरा निघून गेला आणि मावशी तिच्या मुलाला सांभाळायला येऊन राहिली. व्हर्डेल घरी येईपर्यंत सगळे झोपलेले असत. चुलीवर तिचं ताट झाकून ठेवलेलं असे. त्यावरच तिने गाणं केलं होतं. 'ताट झाकून ठेव.' उशीर होईल मला, ताट झाकून ठेव. वाट लांब आहे, ताट झाकून ठेव. ऐकणाऱ्याला वाटे की बाई प्रियकराला सांगते आहे. आम्हाला ठाऊक होतं, ती आईला सांगत होती आणि ताटात उकडलेली पालेभाजी आणि मक्याचा पाव होता.

मिस्टर प्रुइटना गाणं पहिल्या ऐकण्यातच आवडलं. गाणारीबद्दल त्यांची खात्री होत नव्हती. "मंगळवारी दिवसभर बघू," ते म्हणाले होते. "जमलं तर तुझं. नाही जमलं तर सोमवारी शिकागोहून एक बाई येत्येय, तिला गाणं हवंच आहे. लिहिणारी म्हणून तुझं नाव लागेल. पैसेही मिळतील."

त्यावर घरी येऊन व्हर्डेल म्हणाली, "ऐकलंस? ताट झाकून ठेवायचं मी आणि जेवून जाणार शिकागोची बाई."

हसत म्हणाली, पण त्या आठवड्यात ती नीट जेवली नाही.

दहाला आम्ही पोचलो. दारातल्या टेबलाशी इमोजीन बसायची. फोन घेणं, दार उघडणं, कॉफी करणं सगळं तीच. तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "उंच टाचा काढा गं बायांनो. आत लाकडाची जमीन आहे. टक् झालं की ते ओरडतात."

"अनवाणी गाऊ?"

"येशूची आई पण अनवाणी होती. काढा."

आत वाजवणारी मंडळी जमली होती. म्होरक्या क्लीओथा. तो ऑर्गन वाजवायचा. शांत माणूस, शर्टाची वरची गुंडी कधी उघडायचा नाही. कागदावर कुणी काही लिहीत नसे. क्लीओथा पट्टीवर सूर दाखवायचा, तुतारी आणि सॅक्सोफोनवाल्यांच्या कानाशी त्यांची चाल गुणगुणायचा, तेवढ्यावर अर्ध्या तासात गाणं बसायचं. ढोलांवर होजिया होता, पन्नाशीचा, गलेलठ्ठ आणि बोलघेवडा. ढोलाचा आवाज फार खणखणीत नको म्हणून तो आपलं पाकीट काढून त्याच्या चामड्यावर ठेवायचा. तुतारीला लोंझो. बाकी गिटारवाले दोघे गोरे, आमच्याच वयाचे. त्या खोलीत कोण काळं, कोण गोरं हे दुपारच्या जेवणापर्यंत कुणाच्या मनात येत नसे. जेवणाच्या वेळी यायचं. काळ्यांनाही सगळीकडे बसवून वाढायचं असा कायदा वर्षापूर्वी झाला होता, पण कोपऱ्यावरच्या खाणावळीला तो अजून कळला नव्हता. म्हणून गिटारवाले जाऊन सगळ्यांचं जेवण पुड्यांत बांधून आणत.

व्हर्डेलला मधल्या माइकसमोर उभं केलं आणि तिच्या तिन्ही बाजूंनी प्लायवूडचा आडोसा लावला, म्हणजे ढोलांचा आवाज तिच्या माइकमध्ये शिरणार नाही. मला बारा पावलं मागे, भिंतीकडे तोंड करून. मला फक्त दुसऱ्या कडव्यात दोनदा 'ऊ' करायचं होतं. तांबडा दिवा लागला.

पहिली ओळ ती अशी गायली की गिटारवाल्यांपैकी एकाने मान वर केली. आणि मग ती थांबली. बाजा पुढे गेला. ती दुसऱ्या ओळीला आली तेव्हा बाजा तिसरीकडे निघाला होता. चौथ्या ओळीपर्यंत ती पूर्ण एका ओळीने मागे पडली. क्लीओथाने हात वर केला. दिवा विझला.

"पहिली वेळ आहे, होतं असं," क्लीओथा म्हणाला.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. प्रत्येक ओळीनंतर ती थांबायची, जणू दारावर टकटक करून आत कुणी आहे का हे ऐकते आहे, आणि मग दचकून पुढची ओळ पकडायला धावायची.

"थांबतेस कशाला?" डब्यातून मिस्टर प्रुइटचा आवाज आला. काचेमागून ते बोलले की भिंतीवरच्या डब्यातून ऐकू यायचं.

"मी थांबते?"

"दर ओळीला."

"मला नाही कळत, मिस्टर प्रुइट. मला वाटतं मी गातेच आहे."

होजिया म्हणाला, "अगं पोरी, मी तुला मानेने खूण करतो. मान हलली की सुटायचं. माझी मान एवढी मोठी आहे, दिसेल तुला."

मान दिसेना, कारण मध्ये आडोसा. आडोसा बाजूला केला. मान दिसली, पण ती डोळे मिटून गायची. डोळे उघडे ठेवून गा म्हटलं तर सूर हलला. लोंझो तोंडातल्या तोंडात म्हणाला, "आज माझे ओठ इथेच गळून पडणार." त्याचं बरोबर होतं. आठ वेळा सुरुवातीची चाल फुंकून झाली होती.

दहाव्या की अकराव्या खेपेला तिने जमवलं. मनातल्या मनात आकडे मोजत गायली, हे तिने मला नंतर सांगितलं. एकही ओळ मागे पडली नाही. गाणं शेवटापर्यंत गेलं. मिस्टर प्रुइटनी टेप मागे घेऊन आम्हाला ऐकवली. ओळी आपापल्या जागी होत्या. लाँड्रीतल्या चादरीसारखं गाणं इस्त्री करून, घडी घालून ठेवलेलं होतं. त्यात कुणी झोपलेलं नव्हतं.

"हे नाही," व्हर्डेल स्वतःच म्हणाली.

तीन वाजले होते. पाचला वाजवणाऱ्यांना निघायचं होतं; नदीपलीकडे एका क्लबात त्यांचं रोजचं काम. मिस्टर प्रुइट बाहेर आले. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी व्हर्डेलकडे न बघता मला विचारलं, "अर्लीन, तुला शब्द येतात ना?"

"येतात."

"मग तू गाऊन बघ. एकदाच. गाणं कसं बसतंय ते तरी कळेल."

मी व्हर्डेलकडे पाहिलं.

"गा की," ती म्हणाली. "दाढ दुखत नसेल तर."

मला आनंद झाला. साठ वर्षांनी खोटं कशाला बोलू? भिंतीकडे तोंड करून सकाळपासून मी उभी होते आणि प्रत्येक खेपेला मनात तेच गाणं वेळेवर गात होते. आमच्या शहरातल्या चर्चमध्ये पियानो होता, गायनवृंदाला शिकवणाऱ्या बाई हातात छडी घेऊन ठेका धरायच्या. वेळ चुकणं मला ठाऊकच नव्हतं. मी व्हर्डेलच्या खुणेवर जाऊन उभी राहिले. ती दाराजवळ जाऊन एका खोक्यावर बसली, मांडीवर पर्स घेऊन, बस यायची वाट बघणाऱ्या बाईसारखी.

दिवा लागला. पहिलं कडवं मी गायले आणि ते चांगलं गेलं. क्लीओथाचा चेहरा सैल पडला. दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ मी टाकली, 'वाट लांब आहे,' आणि माझ्यामागून कुणीतरी ती ओळ उचलली.

शब्द नव्हते. तोंड मिटून काढलेला आवाज होता, छातीच्या तळातून आलेला. माझ्या शेवटच्या शब्दाला धरून तो लांब ओढला गेला, वर चढला, तिथे मोडला आणि पायरी पायरी करत खाली आला. पुढची ओळ माझ्या जिभेवर होती, पण ती टाकायची कुठे? माझी आधीची ओळ अजून हवेत होती. मी अडखळले आणि गप्प झाले. आयुष्यात पहिल्यांदा मी वेळ चुकले. हात वर केला.

"कोण ते?" डबा ओरडला.

"मीच," दाराजवळून व्हर्डेल म्हणाली. "आपोआप निघालं. चुकलं माझं."

"बाहेर बस मग. इमोजीनपाशी."

ती उठली. पर्स काखेत घेतली. आणि त्या क्षणी मला सगळं कळलं.

लहानपणी उन्हाळ्यात मला फेएट काउंटीला मावशीकडे पाठवत. व्हर्डेलचे वडील तिथल्या चर्चचे डीकन, म्हणजे पाद्रींच्या हाताखाली प्रार्थना चालवणारे. त्या चर्चमध्ये पियानो नव्हता आणि गाण्यांची पुस्तकंही नव्हती. जुन्या माणसांना वाचता येत नसे. डीकन उभे राहून एक ओळ द्यायचे, भराभर, बोलल्यासारखी. आणि थांबायचे. मग बाकावरची सगळी माणसं ती ओळ उचलून घ्यायची आणि अशी लांबवायची की एका ओळीत खिडकीतलं ऊन हातभर सरकायचं. ती खाली टेकली की डीकन दुसरी ओळ द्यायचे. ओळ देणाऱ्याने मध्ये घुसायचं नसतं. ओळ आता त्याची राहिलेली नसते. व्हर्डेल त्या बाकांवर वाढली होती. सकाळपासून ती ओळ देत होती आणि बुचाच्या भिंतींकडून कुणी उचलत नव्हतं.

कळलं, पण मी लगेच बोलले नाही. ती दारापर्यंत जाईस्तोवर मी गप्प राहिले. सहा-सात पावलं असतील. मी बोलले नसते तर गाणं माझं होतं, आणि मी वाईट गायले नसते. तिने दाराला हात लावला. तिचे अनवाणी पाय मला दिसले.

"मिस्टर प्रुइट," मी म्हणाले, "ती चुकत नव्हती."

"काय?"

"सकाळपासून ती चुकत नव्हती. ती वाट बघत होती. तिच्या चर्चमध्ये ओळ देतात आणि लोक उचलतात. कुणी उचललं नाही तर ती पुढे जाणार कशी?"

होजियाने दोन्ही काठ्या मांडीवर आपटल्या. "अरे देवा! माझ्या आजोबांच्या गावाला हेच! डीकन ओळ द्यायचे आणि आम्ही पोरं उचलता उचलता झोपून जायचो. मी सकाळपासून हिला मान हलवून दाखवतोय! डीकनच्या मुलीला!"

व्हर्डेल दाराशीच उभी होती. "मला वाटलं, मला गाताच येत नाही," ती म्हणाली.

क्लीओथा मात्र आनंदला नाही. त्याने ऑर्गनवर बोटांनी काही मोजलं. "दर ओळीला उचलणं घातलं तर गाणं सव्वाचार मिनिटांचं होतंय. तीन मिनिटांवर गेलं की रेडिओवाले हात लावत नाहीत."

"कडवं काढा," होजिया म्हणाला.

"कुठलं?"

सगळ्यांनी व्हर्डेलकडे पाहिलं. रात्री रात्री जागून तिने ती तीन कडवी केली होती.

"मधलं काढा," ती म्हणाली. "मधल्यात मी नुसती कुरकुर केलीय."

मिस्टर प्रुइट आता वेगळ्याच काळजीत पडले. "उचलणारे कुठे उभे करू? लांब केले तर हिला ऐकू जाणार नाही. जवळ आणले तर सगळं हिच्या माइकमध्ये शिरेल. मला काही कमी-जास्त करताच येणार नाही. मग मी आत बसून करू तरी काय?"

"ऐका," क्लीओथा म्हणाला.

एवढ्या वर्षांत मी त्याला थट्टा करताना ऐकलं ते तेवढंच, आणि तीही थट्टा होती की नाही मला अजून माहीत नाही.

आडोसे काढून भिंतीशी लावले. व्हर्डेल मध्ये उभी राहिली आणि मला तिच्या समोर, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर उभं केलं. पण एका बाईने मंडळी होत नाही. क्लीओथाने पितळी वाद्यांना त्यांची चाल सोडायला लावली. "ओळ मिळाली की तिच्याखाली एकच लांब सूर. शहाणपणा नको. आणि तुतारी तोंडाला नसेल तेव्हा गळ्याने." दोघे गिटारवालेही मान डोलवत म्हणाले, आम्हीपण. तरी कमीच. होजियाने दाराकडे बघून हाक मारली, "इमोजीन! आत ये!"

"फोन कोण घेईल?"

"वाजू दे फोन. तू चर्चमध्ये गातेस ना?"

"गाते. पण आम्ही मेथडिस्ट. आम्ही पुस्तकात बघून गातो."

"आज डोळे मिटून गा. देवाला सांगू नको."

इमोजीनने आपल्या टाचा काढल्या आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी सगळ्यांना दोनदा गुणगुणून दाखवलं. मलाही ते नीट येत नव्हतं, मी पाहुणी म्हणून गेलेली मुलगी. व्हर्डेल म्हणाली, "एकसारखं नका ओढू. ज्याला जिथे श्वास संपेल तिथे संपू दे. दुसरा धरेल." चर्चचा सगळा कायदा एवढाच होता.

पंखे बंद झाले. कोलाचं यंत्र बंद झालं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. दिवा लागला.

तिने ओळ दिली. उशीर होईल मला. आणि ती थांबली. आम्ही उचलली. मी समोरच होते म्हणून मला तिचा चेहरा दिसत होता. पहिल्या उचलीला तिने डोळे मिटले आणि तिचे खांदे खाली आले. दिवसभर ते कानांपाशी होते हे मला तेव्हा कळलं. दुसरी ओळ तिने दिली ती सकाळच्या ओळींपैकी नव्हती. शब्द तेच होते. पण आता तिला माहीत होतं की ती कुणाला देते आहे.

दुसऱ्या कडव्यात लोंझो चुकला. आधी इथे मधलं कडवं यायचं आणि त्यात तुतारी लवकर शिरायची; त्या सवयीने त्याने ती लवकर उचलली, आणि एक लखलखीत सूर सगळ्यांच्या आधी, एकटाच बाहेर पडला. तो घाबरून हात वर करायला निघाला. होजियाने वाजवता वाजवता त्याच्याकडे असं पाहिलं की हात अर्ध्यातच राहिला. आणि व्हर्डेल? तिने तो सूरही उत्तर म्हणूनच घेतला. तो पुरा होईपर्यंत थांबली, मान किंचित त्याच्याकडे वळवली, आणि मग पुढची ओळ अशी दिली की ती लोंझोलाच दिली असं वाटावं. पुढे रेडिओवर लोक म्हणायचे, त्या तुतारीची जागा कुणी काढली हो, काय हुशार माणूस असेल. लोंझो म्हणायचा, मीच.

शेवट कसा करायचा हे कुणी ठरवलंच नव्हतं. त्या काळी शेवट म्हणजे काचेमागे मिस्टर प्रुइट बटण हळूहळू फिरवत आवाज मिटवत नेत. त्यांनी ते तीन मिनिटांना थोडं कमी असताना केलं. तांबडा दिवा विझला. आमच्यापैकी कुणी तिकडे बघितलंच नाही. ती ओळ देत राहिली, आम्ही उचलत राहिलो. ताट झाकून ठेव. इमोजीन एका हाताने डोळे पुसत होती आणि दुसऱ्याने माझा दंड धरून होती. आणखी चार-पाच मिनिटं तरी आम्ही गायलो असू. ते कुठल्याही टेपवर नाही. मिस्टर प्रुइट आपल्या खोलीतून बाहेर येऊन दारात उभे होते. मग दारातला फोन वाजायला लागला आणि आम्ही थांबलो.

आम्ही टेप ऐकली. त्यात व्हर्डेलचा आवाज सगळ्यांहून वेगळा काढता येत नव्हता. कुणाचाच येत नव्हता.

"खात्रीसाठी आणखी एकदा घ्यायचं का?" मिस्टर प्रुइटनी विचारलं.

"कशाला?" क्लीओथा म्हणाला आणि त्याने शर्टाची वरची गुंडी उघडली.

मिस्टर प्रुइट मान हलवत म्हणाले, "म्हणजे सोमवारी शिकागोच्या बाईला दुसरं गाणं शोधायला हवं." तेव्हा व्हर्डेल मटकन जमिनीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "इमोजीन, आता मला काहीतरी खायला दे गं. आठ दिवस झाले."

ऑक्टोबरात गाणं रेडिओवर लागलं. मेम्फिसमध्ये, मग नॅशव्हिलला, मग मोठ्या शहरांत. फार मोठं झालं असं नाही. पण त्या हिवाळ्यात तुम्ही आमच्या भागातून चालत गेलात तर तीन घरं ओलांडेपर्यंत कुठल्या ना कुठल्या खिडकीतून ते ऐकू यायचं, आणि आतली माणसं ओळी उचलत असायची.

लोंझो तीन वर्षांनी कॅलिफोर्नियाला गेला. तिथे त्याने शाळेतल्या मुलांना तुतारी शिकवली. त्याच्या मुलीने मला पत्र पाठवून तो गेल्याचं कळवलं. होजिया १९७९ मध्ये झोपेत गेला. त्याच्या दफनाला मेम्फिसचे सगळे ढोलवाले आले होते आणि तोच असता तर जितका बोलला असता तितकं त्याच्याबद्दल बोलत होते. क्लीओथा माझ्याच चर्चमध्ये पस्तीस वर्षं ऑर्गनवर होता. इमोजीनने केस करायचं दुकान काढलं, मग दुसरं काढलं, आणि दोन्हीकडे ती गिऱ्हाइकांना सांगायची की रेकॉर्डवर शेवटी हुंदका ऐकू येतो तो माझा. तो खरोखरच तिचा आहे. मिस्टर प्रुइटचं बर्फघर १९७२ मध्ये बंद पडलं. नंतर ते घरोघरी जाऊन टीव्ही दुरुस्त करत. एकदा माझ्याकडे आले होते. काम झाल्यावर म्हणाले, आडोसे मी लावायलाच नको होते. मी त्यांना लिंबू सरबत दिलं आणि म्हटलं, असू दे.

व्हर्डेलच्या आणखी तीन रेकॉर्डी निघाल्या. दोन वर्षं ती गावोगाव गात फिरली, मग मुलाच्या शाळेसाठी परत आली. तिचे वडील वारले तेव्हा फेएट काउंटीच्या त्या चर्चमध्ये ओळ द्यायला कुणी उरलं नाही. बायकांनी द्यायची पद्धत नव्हती. दोन रविवार कुणीच दिली नाही. तिसऱ्या रविवारी ती बाकावरून उठली आणि तिने दिली. पुढची एकतीस वर्षं दिली.

मी कचेरीत राहिले, तिथे हिशेबनीस झाले, लग्न केलं, चार मुलं वाढवली आणि जमेल तेव्हा स्टुडिओत जाऊन झील धरली. चाळीसेक रेकॉर्डींवर मी आहे. वेष्टनावर नाव कुठेच नाही. मला पुढे उभी राहून गायला आणखी दोनदा विचारलं. पहिल्यांदा मी नको म्हटलं. दुसऱ्यांदा हो म्हटलं, आणि ती रेकॉर्ड बरी झाली. कुणी फारशी घेतली नाही. माझ्याकडे अजून तिची अर्धी पेटी पडली आहे. नातवंडांच्या लग्नांत भेट म्हणून देते.